डब्यातली ताकद आणि उतारवयातले पोट

मागच्या पावसाळ्यात जुन्या शहरातल्या माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. वय बहात्तर. सोबत मुलगा होता आणि त्याच्या हातातल्या पिशवीत एक मोठा, रंगीत, अर्धा संपलेला डबा होता. मुलगा म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुम्हीच लिहून देल्ला होता. दोन महिने झाले, एक दिस चुकवला नाई. पन मायचं पोट काही सुधरून नाई राह्यलं." आजींचे पोट फुगून गच्च झालेले होते. तीन-तीन दिवस शौचाला होत नसे आणि मग एकाएकी पातळ होऊन लुगडे खराब होई. त्या लाजेने त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले होते. दर सोमवारी राजराजेश्वराच्या मंदिरात चालत जायचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम मोडला होता.

मी जुना कागद काढून पाहिला. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे वजन ४६ किलो होते. आता काट्यावर उभे केले तर साडेत्रेचाळीस. रोज तीन वेळा 'ताकदीचे' पेय घेऊनही अडीच किलो वजन उतरले होते. म्हणजे मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक. त्या कागदावर लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि त्याखाली डब्याचे नाव असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. "जेवण जात नाही, अशक्तपणा वाटतो" एवढी तक्रार ऐकून मी ते लिहिले होते. जेवण का जात नाही, हे मात्र विचारले नव्हते.

वाचकहो, आज शहरात किंवा आसपासच्या गावात क्वचितच असे घर असेल, जिथे म्हाताऱ्या माणसासाठी असा डबा कधी आणला गेला नाही. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा येताना डबा आणतो. आजारी माणसाला भेटायला जाणाराही हल्ली फळांऐवजी डबाच नेतो. यामागची माया खोटी नाही. पण तो डबा उतारवयातल्या पोटात जाऊन काय करतो, कोणाला तो तारतो आणि कोणाला त्रास देतो, हे नीट समजून घेतले पाहिजे.

वयाबरोबर पोटात काय बदलते?

पुष्कळांचा समज असा की म्हातारपणी आतडी अन्न शोषूनच घेत नाहीत, म्हणून काहीतरी 'तयार पचलेले' द्यावे लागते. हा समज बरोबर नाही. निरोगी वृद्धाचे लहान आतडे आपले काम बऱ्यापैकी करीत असते. बदल होतात ते त्याच्या अलीकडे आणि पलीकडे.

अलीकडचा बदल म्हणजे दात, लाळ, चव, वास आणि जठर यांचा. दात पडतात, कवळी सैल होते. रक्तदाबाच्या, झोपेच्या, सर्दीच्या कितीतरी औषधांनी तोंड कोरडे पडते. चव आणि वास मंदावतात. जठराची भिंत तरुणपणी अन्न आल्यावर सहज सैल होते, ती आता तितकी होत नाही. त्यामुळे चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते. शिवाय पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी काही रसायने वृद्धांमध्ये अधिक काळ टिकून राहतात. वयाबरोबर भूक कमी होते, ती अशी.

पलीकडचा बदल मोठ्या आतड्याचा. त्याची हालचाल मंदावते, मळ जास्त वेळ आत राहतो आणि त्यातले पाणी शोषले जाऊन तो कडक होतो. त्यात वृद्धांना तहान कमी लागते, हिंडणे-फिरणे कमी होते, आणि लोह, कॅल्शियम व रक्तदाबाच्या काही गोळ्या मळ आणखी घट्ट करतात. म्हातारपणी पोटाच्या बहुतेक तक्रारी या दोन टोकांच्या असतात.

डब्यात असते तरी काय?

बाजारातले डबे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

पहिला माल्टवाला. जव किंवा गहू भिजवून, मोड आणून, त्याचा अर्क दुधात आटवून केलेली पावडर. हा प्रकार जुना आहे. हॉर्लिक या दोन इंग्रज भावांनी १८७३ मध्ये अमेरिकेत कारखाना काढला आणि तान्ह्या मुलांसाठी व आजाऱ्यांसाठी म्हणून हे अन्न विकायला सुरुवात केली. आज या प्रकारच्या बऱ्याच डब्यांत साखरेचा वाटा मोठा असतो. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण २५ ग्रॅम पावडर घेतली तर तीतून जेमतेम २ ते ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ती ज्या कपभर दुधात आपण ढवळतो, त्या दुधातून मात्र ६ ते ७ ग्रॅम मिळतात. ताकद डब्यातून आली असे आपण म्हणतो, पण तिच्यातला मोठा वाटा आपल्या गवळ्याचा असतो.

दुसरा प्रकार प्रथिनांच्या पावडरीचा. यात दुधाच्या निवळीतली, सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची प्रथिने वेगळी काढून घातलेली असतात.

तिसरा प्रकार 'संपूर्ण आहार' म्हणवणाऱ्या पावडरींचा. यात प्रथिने, तेल, पिष्ट, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून-मापून एकत्र केलेले असतात. नळीने अन्न द्यावे लागणाऱ्या रुग्णांना आणि शस्त्रक्रियेनंतर याचा खरा उपयोग होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात 'आरोग्यपेय' असा वर्गच नाही. एप्रिल २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आणि पाठोपाठ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना तसे कळवले आणि अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखालून काढायला सांगितली. डब्यावर काय चित्र आहे यापेक्षा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचावे. घटकांच्या यादीत जो पदार्थ आधी, तो वजनाने जास्त, असा नियम आहे. यादीत साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली, की काय समजायचे ते समजावे.

पोट का फुगते?

दुधात दुग्धशर्करा नावाची साखर असते. ती पचवणारे विकर लहान आतड्यात तयार होते. बाळपणी ते भरपूर असते आणि मोठेपणी आपल्यापैकी पुष्कळांमध्ये कमी होते. ही अर्धवट पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. पोट गुरगुरते, फुगते, कधी पातळ होते. आयुष्यभर चहापुरते दूध घेणाऱ्या माणसाला सत्तरीत एकदम दिवसाला तीन पेले दूध सुरू केले, की हा त्रास हमखास होतो. दह्यात आणि ताकात जंतूंनी ही साखर थोडी आधीच खाल्लेली असते, म्हणून ज्याला दूध सोसत नाही त्याला ताक अनेकदा सोसते.

दुसरे कारण मधुमेहींसाठीच्या 'शुगर-फ्री' डब्यांतले. त्यांपैकी काहींत साखरेऐवजी मॉल्टिटॉल, सॉर्बिटॉल असे पदार्थ असतात, काहींत चोथा म्हणून इन्युलिन घातलेले असते. हे पदार्थ लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. थोडे घेतले तर चालते. जास्त घेतले तर वायू आणि जुलाब.

पातळ का होते?

"घट्ट केले म्हणजे जास्त ताकद" असा आपल्याकडे समज आहे. आजींच्या सुनेनेही तेच केले होते. अर्ध्या पेल्यात तीन शीग लावलेले चमचे. असे दाट, गोड मिश्रण जठरातून आतड्यात उतरले, की ते पातळ करण्यासाठी आतडे रक्तातले पाणी आपल्याकडे ओढून घेते. पोटात कळ येते, मळमळते, घाम सुटतो आणि पातळ होते. डब्यावर जेवढे पाणी सांगितले आहे तेवढे घालणे आणि पेला एका दमात न संपवता अर्ध्या तासात घोट-घोट घेणे, एवढ्याने हा त्रास बहुतेक वेळा थांबतो.

पण आजींचे पातळ होणे वेगळे होते. तीन-चार दिवस मळ साचून त्याचा दगडासारखा गोळा झाला, की वरचे पातळ पाणी त्याच्या कडेने झिरपून बाहेर येते. घरच्यांना वाटते जुलाब लागले. मग जुलाब बंद करायची गोळी देतात आणि मूळचा अडथळा आणखी पक्का होतो. म्हाताऱ्या माणसाला आधी काही दिवस शौचाला झाले नाही आणि मग सारखे थोडे-थोडे पातळ होऊ लागले, तर मनाने गोळी देऊ नये. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

शौचाला का होत नाही?

मळ तयार व्हायला चोथा लागतो. भाकर, पोळी, वरण, पालेभाजी यांत तो असतो. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, तर दुधात अजिबात नाही आणि बहुतेक पावडरींत नावापुरता. भाकर सुटली आणि जागी दूध-पावडर आली, की आतड्याला ढकलायला काही उरत नाही. त्यात पाणी कमी. खारपाणपट्ट्यातल्या गावांत हा प्रश्न आणखी वाढतो. बोअरचे पाणी खारट, ते पिववत नाही, आणि गोडे पाणी घरात मोजून वापरायचे. म्हातारी माणसे मग दिवसाकाठी दोन-तीन पेल्यांवर भागवतात.

भूक का मरते?

डबा जेवणाच्या जागी आला की तो तोट्याचा ठरतो. सकाळी आठला पेला भरून दाट पेय घेतले, की दहाच्या जेवणाला भूक नसते. घरच्यांना वाटते, "काही नाही तरी डबा तर घेते ना!" आणि ते निर्धास्त होतात. आजींचा दिवसाचा हिशोब मांडला तेव्हा डब्यातून आणि दुधातून जेवढे पोटात जात होते, त्यापेक्षा जास्त सुटलेल्या दोन भाकरी, वरण आणि भाजीतून निघून गेले होते. दुकानातून येणारे डोळ्यांना दिसत होते, ताटातून गेलेले कोणी मोजले नव्हते.

म्हणून असे पेय द्यायचेच असेल तर दोन जेवणांच्या मध्ये द्यावे, आणि पुढच्या जेवणाआधी किमान तासभर तरी अंतर ठेवावे. रात्री घेऊन लगेच आडवे होऊ नये, आम्ल घशाशी येते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाला पडल्या-पडल्या कधीही पाजू नये. पेय श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो आणि त्यात माणूस दगावतो. उशांचा आधार देऊन ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि पाजून झाल्यावरही अर्धा तास बसते ठेवावे. पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर, घोगरा होत असेल तर पाजणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

औषधांशी होणारी भांडणे

या पेयांत कॅल्शियम, लोह आणि प्रथिने असतात आणि काही औषधांशी त्यांचे पटत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊन तिच्यावरच हे पेय घेतले तर गोळीचा बराच भाग वाया जातो. कॅल्शियम किंवा लोह असलेल्या गोष्टींपासून तिला सुमारे चार तासांचे अंतर हवे. काही प्रतिजैविकांचे दुधाशी असेच वाकडे आहे. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी संपूर्ण आहाराचा डबा सुरू किंवा बंद करताना डॉक्टरांना सांगावे, कारण त्यातल्या 'के' जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो.

कंपवाताच्या एका निवृत्त गुरुजींचे हात गोळी घेऊनही दुपारी आखडू लागले होते. गोळी वाढवायची का, असे विचारायला ते आले. विचारपूस केल्यावर कळले की मुलीने आणून दिलेली प्रथिनांची पावडर ते गोळीच्या सोबतच घेत होते. कंपवाताचे लेव्होडोपा हे औषध आणि प्रथिनांचे घटक आतड्यातून एकाच वाटेने शोषले जातात, आणि त्या गर्दीत औषध मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली आणि पावडर बंद करून प्रथिने संध्याकाळच्या जेवणात घ्यायला सांगितली. गोळी वाढवावी लागली नाही.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तर प्रथिनांचा किंवा संपूर्ण आहाराचा कोणताही डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडूच नये. मधुमेहींनीही हे ध्यानात घ्यावे, की 'साखर नाही' म्हणजे पिष्ट नाही असे नव्हे. यादीत माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ते रक्तातली साखर झपाट्याने चढवते.

मग डबा कोणाला लागतो?

काही जणांना निश्चित लागतो. मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले, शय्याव्रण झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, मोठ्या आजारातून उठलेले आणि खरोखरच ताटातले अन्न पुरेसे जात नाही असे वृद्ध. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार अशांना पूरक पेयातून दिवसाला किमान ४०० उष्मांक आणि ३० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, ते किमान महिनाभर चालू ठेवावे आणि दर महिन्याला वजन करून उपयोग होतो की नाही हे पाहावे. म्हणजे एकीकडे शोभेपुरता एक चमचा घालून समाधान मानण्यात अर्थ नाही आणि दुसरीकडे वजन न करता वर्षभर डबे आणण्यातही नाही.

बाकीच्यांनी आधी घरचा हिशोब करावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वृद्धांचे स्नायू झिजू नयेत म्हणून त्यांना १ ते १.२ ग्रॅमपर्यंत द्यावीत असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. ५० किलोच्या माणसाला ही ५० ते ६० ग्रॅम झाली. आता पाहा. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम. मूठभर म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० ग्रॅम. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम. घट्ट वरणाच्या वाटीतून ६ ते ७ ग्रॅम. दोन भाकरींतूनही १० ग्रॅमच्या आसपास मिळतात. याच परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जे आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही प्रथिनांच्या पावडरींच्या मागे न लागता अन्नातूनच चांगली प्रथिने घ्यावीत असे सांगितले आहे.

आपली आंबील, थोडी सुधारून

आपल्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील होते. वर्षातून एकदा होणारा हा पदार्थ म्हाताऱ्या माणसासाठी आठवड्यातून चार-पाच वेळा करायला हरकत नाही. ज्वारीतले प्रथिन नुसते शिजवले तर पचायला थोडे जड जाते, पीठ ताकात भिजवून आंबवले की ते हलके होते. चावावे लागत नाही आणि दूध न सोसणाऱ्यालाही बहुधा चालते.

मात्र आंबील म्हणजे अमृत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नुसती पातळ आंबील पोट भरते, पण अंगी फार लागत नाही. तिला जोड द्यावी. २५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे, ज्वारीचे पीठ दीडशे ग्रॅम दह्याच्या ताकात रात्रभर भिजवावे. सकाळी पाण्यात सरसरीत शिजवून घ्यावे. उतरवताना साल काढलेल्या फुटाण्यांचे २५ ग्रॅम पीठ आणि १५ ग्रॅम शेंगदाण्याचा बारीक कूट घालावा. जिरे, लसूण, बेताचे मीठ. रक्तदाब असेल तर मीठ नावालाच. एवढ्यातून सुमारे ३५० उष्मांक आणि १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो हरभरा भरून काढतो. हे एका वेळी संपणार नाही. अर्धे सकाळी अकराला आणि अर्धे दुपारी चारला द्यावे. फुटाण्यांचे पीठ पहिल्या आठवड्यात अर्धेच घालावे, पोटाला सवय होऊ द्यावी. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र हेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

उन्हाळ्याबद्दल दोन शब्द

अकोल्याचा उन्हाळा कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. या दिवसांत दाट प्रथिनपेये बेताने घ्यावीत. प्रथिनांतून निघणारा कचरा मूत्रपिंडाला पाण्यासोबतच बाहेर टाकावा लागतो, आणि नेमके पाणीच शरीरात कमी असते. जुलाब झाले तर डब्यातले पेय काही उपयोगाचे नाही. तिथे जलसंजीवनीच हवी. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, अर्ध्या पेल्यात नव्हे. खोक्यांतून मिळणारी गोड पेये जलसंजीवनीच्या नावाने विकली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या कोणत्याही पेयाला 'ओआरएस' हे नाव लावायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. औषधाच्या दुकानात पुडीच मागावी आणि पुडीवरचे सूत्र पाहून घ्यावे.

आजींचे पुढे काय झाले?

त्या दिवशी मी आजींना एकट्यांना बसवून विचारले, "आजी, भाकर का सोडली?" त्या आधी काही बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "काय सांगू बाप्पा, खालची कवळी बसतच नाई. हिरड्याले टोचते. पोराले कशाले सांगू, त्याले अजून खर्च." मी विजेरी घेऊन तोंडात पाहिले. खालच्या हिरडीवर दोन जखमा होत्या. जेवण न जाण्याचे कारण तिथे होते, आणि दोन महिन्यांपूर्वी मी तोंड उघडायला सांगितले असते तर ते तेव्हाच दिसले असते. त्यानंतर त्यांनी घेतलेल्या डब्यांच्या पैशांत कवळी दुरुस्त होऊन काही पैसे उरले असते.

साचलेला मळ काढला. लोहाची गोळी खरोखर लागते का हे रक्त तपासून ठरवले, ती लागत नव्हती म्हणून बंद केली. कॅल्शियम जेवणासोबत घ्यायला सांगितले. दंतवैद्याने कवळी घासून नीट बसवली. तोवर मऊ भाकर वरणात कुस्करून, ज्वारीच्या कण्या, घोटलेली भाजी आणि वर सांगितलेली आंबील असे जेवण सुरू केले. डबा फेकायला सांगितला नाही. उरलेला संपेपर्यंत दुपारी एकदा, नीट पातळ करून घ्या म्हटले. सहा आठवड्यांनी वजन ४५ किलो भरले. आता त्या सोमवारी पुन्हा राजराजेश्वराला चालत जातात.

सगळ्यांचे कारण इतके साधे निघत नाही, हे मुद्दाम सांगतो. उतारवयात प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर त्यामागे कर्करोग, क्षयरोग, थायरॉइड, न सावरलेला मधुमेह, किंवा जोडीदार गेल्यानंतरचे औदासीन्य, यांपैकी काहीही असू शकते. घास गिळताना अडकणे, शौचाचा रंग डांबरासारखा काळा होणे, रक्त पडणे, वारंवार उलट्या होणे किंवा शौचाची आयुष्यभराची सवय एकाएकी बदलणे, यांपैकी काही असेल तर डबा आणण्यात एक दिवसही घालवू नये. ज्यांना वेळेवर तपासले असते तर वाचवता आले असते, असे काही जण "डबा चालू आहे, बघू महिनाभर" या वाक्यात हातचे गेलेले मी पाहिले आहेत. सर्वोपचार रुग्णालयात या तपासण्यांची सोय आहे.

घरात वजनकाटा नसेल तरी खुणा दिसतात. आईची बांगडी मनगटावरून कोपराकडे सरकते का, वडिलांच्या पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले का, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला का, हे पाहा. आणि उद्या जेवायला बसाल तेव्हा त्यांच्या ताटाशेजारीच बसा. ते काय खातात, काय बाजूला सारतात आणि कोणता घास तोंडात बराच वेळ घोळवतात, हे एकदा नीट पाहा. डब्याचे काय करायचे ते त्यानंतर ठरवा.